दुर्बिणीच्या ऑपरेशनचं बिल: ठाण्यात मुतखडा काढताना

मुतखड्याच्या ऑपरेशनला किती खर्च आला, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. मी एकच आकडा सांगते: १ लाख ३६ हजार ४८० रुपये. ऐकणाऱ्याला तो जास्त वाटतो, कारण हॉस्पिटलच्या बिलावर १ लाख ११ हजार ९० आहेत आणि हॉस्पिटलचं बिल म्हणजेच खर्च, असं सगळे धरून चालतात. उरलेले २५ हजार ऑपरेशनच्या आधी आणि नंतर गेले. आधी तपासण्या, मग ऑपरेशन, मग मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी, म्हणजे स्टेंट, काढायला पुन्हा टेबलावर, असं ते चालतं आणि प्रत्येक वेळचं बिल वेगळं फाटतं. मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. बिलं तपासणं हे रोजचंच काम, त्यामुळे पावत्या सगळ्या फाइलला लावलेल्या आहेत. ज्यांना हे ऑपरेशन सांगितलंय त्यांना उपयोग होईल म्हणून त्यातूनच लिहितेय.

दुखणं उजव्या बाजूचं. पाठीतून कळ निघायची ती थेट जांघेपर्यंत, आणि सोबत उलट्या. वर्तकनगरमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सोनोग्राफी करायला लावली. किडनीला सूज आहे, खाली कुठेतरी खडा अडकला असावा, एवढंच त्यात कळलं. काही आठवडे गोळ्या आणि भरपूर पाणी यावर काढले. दुखणं गेलं आणि परत आलं. मग पाचपाखाडीतल्या युरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी पोटाचा साधा सीटी स्कॅन सांगितला, म्हणजे शिरेतून औषध न देता करतात तो. मुतखड्यासाठी हाच सगळ्यात भरवशाचा. त्यात नेमकं दिसलं: मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरचा खडा, आणि किडनीच्या खालच्या कप्प्यात आणखी एक लहान.

डॉक्टर म्हणाले, "ताई, पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो. तुमचा नऊचा आहे, एका जागी अडकलाय आणि वर किडनी फुगत चाललीय. आता वाट बघण्यात अर्थ नाही."

मी विचारलं, खर्च किती येईल. ते म्हणाले, "ते आत गेल्यावरच नक्की सांगता येईल." त्या क्षणी मला ते उत्तर पटलं नाही. पण नंतर त्यांनी कागदावर किडनी आणि तिच्यातून निघणारी नळी काढून जे समजावलं, त्यानंतर पटलं. आणि खर्चाचं मूळ तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून खडा फोडायचे दोन प्रकार. एक सरळ, ताठ दुर्बिणीनं. तिला यूआरएस म्हणतात. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याला ती पुरते. दुसरा प्रकार आरआयआरएस. त्यात वळणारी, लवचिक दुर्बीण वापरतात, ती थेट किडनीच्या कप्प्यांत जाऊन येते. ही लवचिक दुर्बीण महाग आणि नाजूक. काही ऑपरेशनं झाली की दुरुस्तीला जाते. काही ठिकाणी तर एका पेशंटला एकच अशी वापरून टाकायची दुर्बीण आणतात. त्यामुळे यूआरएस आणि आरआयआरएस यांच्या दरात बरंच अंतर पडतं. माझा खडा मूत्रवाहिनीत होता, म्हणजे यूआरएसचा. पण होता अगदी वरच्या टोकाला. दुर्बिणीतून पाणी सोडत पुढे जावं लागतं, त्या दाबानं असा खडा मागे सरकून परत किडनीत जाऊ शकतो. तसा गेला की ताठ दुर्बीण तिथे पोचत नाही, लवचिक घ्यावी लागते. म्हणजे बेशुद्धीच्या डॉक्टरांनी भूल दिल्यावर, मी टेबलावर असतानाच, ऑपरेशनचं नाव आणि दर दोन्ही बदलू शकतात.

खडा फोडायचीही दोन साधनं असतात. हवेच्या दाबावर ठोके देणारं लिथोक्लास्ट जुनं आणि स्वस्त. पण त्याच्या ठोक्यानं वरचा खडा मागे ढकलला जायची भीती जास्त. होल्मियम लेसर खड्याचा भुगा करतं आणि खडा कमी हलवतं. माझ्यासाठी डॉक्टरांनी लेसरच सांगितलं. बिलात लेसरचे पैसे वेगळे लागतात, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं, ते बरं झालं. बाहेरून लहरी देऊन खडा फोडायचा मार्गही असतो, भूल फारशी लागत नाही आणि खर्चही कमी. पण एका बैठकीत खडा फुटेलच असं नाही, आणि माझ्या खड्याचा कठीणपणा सीटीमध्ये जास्त दिसत होता, म्हणून तो बाद झाला.

हे डॉक्टर दोन ठिकाणी ऑपरेशन करतात. एक त्यांच्या ओळखीचं छोटं, फक्त किडनी-लघवीच्या आजारांचं हॉस्पिटल. दुसरं घोडबंदर रोडचं मोठं. दोन्हीकडची एस्टिमेट मी लेखी मागितली. छोट्या हॉस्पिटलनं यूआरएसला शेअरिंग रूममध्ये ९५ हजार ते १ लाख १५ हजार लिहून दिलं, आरआयआरएस करावं लागलं तर दीड लाखापर्यंत. मोठ्या हॉस्पिटलमध्ये यूआरएसचाच आकडा शेअरिंगला १ लाख ४५ हजारांच्या आसपास आणि सिंगल रूमला त्याहून बराच वर. डॉक्टर तेच, लेसर त्याच प्रकारचं, खडा तर माझाच.

सिंगल रूमला सर्जनची फी का वाढते, हे मी बिलिंग काउंटरवर विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, रूमच्या कॅटेगरीप्रमाणे सगळेच चार्जेस बदलतात." सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, रोजच्या व्हिजिट, सगळं. पेशंट जनरल वॉर्डात झोपो की डीलक्समध्ये, थिएटर एकच असतं. तिथे तेवढाच वेळ लागतो, तेवढंच पाणी वापरलं जातं. खोलीचं भाडं खोलीप्रमाणे घ्या, त्याला कुणाची हरकत नाही. पण ऑपरेशनचा दर पेशंटच्या पलंगावरून ठरवणं मला मुळीच मान्य नाही. मी डॉक्टरांनाही तसं स्पष्ट बोलले. ते म्हणाले, "माझे हात दोन्हीकडे तेच आहेत ताई. दर हॉस्पिटल ठरवतं." त्यांचा प्रांजळपणा मला आवडला, पण प्रश्न तसाच राहिला.

आणि इथेच आरोग्य विम्याची गोम आहे. आमची पॉलिसी ५ लाखांची, आणि तिच्यात खोलीभाड्याला रोज एक टक्क्याची मर्यादा. म्हणजे ५ हजार रुपये. मोठ्या हॉस्पिटलची सिंगल रूम ८,५०० ची. "वरचे साडेतीन हजार भरू की, दोन दिवसांचे सात," असं हे म्हणाले. पण विमा कंपनी तेवढ्यावर थांबत नाही. खोली मर्यादेबाहेरची घेतली की सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, व्हिजिट हे सगळे खर्च ती त्याच प्रमाणात कापते. मी घरी बसून हिशेब मांडला. सिंगल रूमच्या एस्टिमेटमध्ये हे चार्जेस मिळून ९० हजार होते. ८,५०० पैकी ५,००० म्हणजे शंभरातले जेमतेम ५९ रुपये मान्य. ९० हजारांतले ३७ हजार तिथेच गेले, वर खोलीच्या फरकाचे ७ हजार. एका दारामागे एकटं झोपण्यासाठी ४४ हजार! शिवाय २०२२च्या जुलैपासून रोज ५ हजारांवरच्या खोलीला पाच टक्के जीएसटी लागतो, तो निराळा. औषधं, स्टेंटसारखी आत बसवायची वस्तू आणि तपासण्या यांच्यावर अशी कपात करता येत नाही, असं विमा नियामकानं २०२०मध्ये घालून दिलंय. जी हॉस्पिटलं खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथेही ही कपात लावता येत नाही. पण हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. मी पॉलिसीचं पुस्तक वाचलं तेव्हा समजलं.

छोट्या हॉस्पिटलची शेअरिंग रूम ३,५०० ची. ठरलं.

कॅशलेससाठी, म्हणजे बिल विमा कंपनीनं परस्पर भरावं म्हणून, टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्या संस्थेच्या काउंटरवर) गेले तर तिथल्या मुलीनं आधार, पॉलिसी, सीटीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांनी भरून दिलेला फॉर्म घेतला. विमा कंपनीचा पहिला प्रश्न आला: त्रास कधीपासून आहे, त्याचे सगळे कागद द्या. मुतखड्याला बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं, म्हणून ते पहिल्या तपासणीची तारीख शोधतात. आमची पॉलिसी जुनी, त्यामुळे अडलं नाही. पण ज्यांनी नुकतीच घेतलीय त्यांनी हे आधी बघावं. ॲडमिट झाल्यावर नकार आला की माणूस हतबल होतो. मंजुरी आली ७० हजारांची. एवढ्यात कसं होणार म्हणून ह्यांचा चेहरा उतरला. टीपीएची मुलगी म्हणाली, "काका, ही सुरुवातीची मंजुरी आहे. डिस्चार्जच्या वेळी फायनल बिल पाठवलं की बाकीची येते." तोवर हॉस्पिटलनं २० हजार डिपॉझिट घेतलं. कॅशलेस असूनही डिपॉझिट का, याला काउंटरवर उत्तर एकच: जे विमा देत नाही त्यासाठी.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पाठीच्या कण्यात भूल दिली, कमरेखाली काही कळेना. मी जागी होते. डाव्या हाताला स्क्रीन होता आणि त्यावर गुलाबी बोगद्यात पिवळट, काटेरी खडा स्पष्ट दिसत होता. लेसर चालू झाला की टिक टिक असा आवाज यायचा आणि खड्यावरून धूळ उडाल्यासारखं दिसायचं. तो वर सरकतो की काय, याकडे माझं सगळं लक्ष. सरकला नाही. डॉक्टरांनी मान वळवून सांगितलं, "झालं, यूआरएसमध्येच झालं." मला खरोखर रडू आलं. दुखत काहीच नव्हतं. गेल्या महिन्याभराची धास्ती उतरली होती. किडनीतला दुसरा लहान खडा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला. तो अडकलेला नाही, त्यासाठी लवचिक दुर्बीण काढायची गरज नाही, वर्षाला सोनोग्राफी करत राहू, म्हणाले. त्यांना आरआयआरएस करून बिल वाढवता आलं असतं, मी आणि विमा कंपनी दोघांनीही ते मुकाट्यानं मान्य केलं असतं. त्यांनी केलं नाही, हे मी इथे आवर्जून लिहिते.

डिस्चार्जच्या दिवशी मी बिलाची सविस्तर प्रत मागितली. आधी एका पानाची दिली, तिच्यावर "ऑपरेशन थिएटर मटेरियल" अशी एकच ओळ. मी म्हटलं, मला वस्तूनिहाय पाहिजे. मग तीन पानं आली.

सर्जनची फी ३० हजार, भूलतज्ज्ञाची त्याच्या तीस टक्के म्हणजे ९ हजार. थिएटर १२ हजार. लेसर १५ हजार. एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्म मशीनचे ३ हजार. खोली दोन दिवसांची ७ हजार, व्हिजिट ३,२००, नर्सिंग आणि निवासी डॉक्टर १,८००, हॉस्पिटलमधल्या रक्ताच्या तपासण्या २,९००, वॉर्डातली औषधं ५,३६०. स्टेंट ४,२००. नोंदणी, फाइल आणि जैविक कचऱ्याचे मिळून १,१५०. आणि थिएटरमधलं साहित्य १६,४८०.

या शेवटच्या आकड्यात बघण्यासारखं बरंच होतं. वाट दाखवणारी गाइडवायर, सलाइनच्या तीन-तीन लिटरच्या पिशव्या, भुलीची सुई, कॅमेऱ्यावर चढवायचं प्लॅस्टिकचं आवरण, लघवीची नळी आणि पिशवी, अंथरायच्या निर्जंतुक चादरींचा संच, गाऊन, हातमोजे. हातमोजे पानावर दोन ठिकाणी होते, एकदा चादरींच्या संचात आणि एकदा सुटे. मी विचारल्यावर फार्मसीवाल्यानं थिएटरच्या नोंदवहीशी ताळा करून पाहिला आणि सुटे वापरल्याचं दाखवलं. ठीक. विचारलं म्हणून कळलं. काउंटरवर कुणी रागावलं नाही, मागे रांगेत उभे असलेले एक आजोबा मात्र म्हणाले, "बाई, आम्हालाही अशी प्रत मागता येते का?" येते. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१मध्ये सुधारले, त्यात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलंय. आमच्या हॉस्पिटलात ती सनद लिफ्टशेजारी मराठीत लावलेली होती. तिच्याखाली उभं राहूनच आजोबांना वाचून दाखवली.

स्टेंटच्या किमतीबद्दल एक बोलायलाच हवं. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर सरकारनं २०१७मध्ये मर्यादा घातली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यामुळे "स्टेंट" म्हटलं की लोकांना वाटतं त्याची किंमत सरकारनं ठरवलेली असणार. मूत्रवाहिनीत ठेवतात त्या डीजे स्टेंटला तशी कमाल किंमत नाही. कंपनी पाकिटावर जी छापेल ती. डीजे कोणत्या कंपनीचा, किती दिवस ठेवता येणारा, हे आधी विचारलं तर डॉक्टर पर्याय सांगतात. दोन-तीन आठवडेच ठेवायचा असेल तर महागड्याची गरज नसते, असं मला माझ्या डॉक्टरांनीच सांगितलं. पाकिटावरचा स्टिकर नर्सनं फाइलला चिकटवला होता. कंपनी, लांबी, लॉट नंबर, मुदत आणि छापील किंमत सगळं त्यावर. बिलातला आकडा त्याच्याशी जुळत होता.

विमा कंपनीची अंतिम मंजुरी १ लाख २ हजार ७० रुपयांची आली. कापलेले ९,०२०: नोंदणी-फाइल-कचऱ्याचे १,१५०, हातमोजे-गाऊन-चादरी वगैरेंचे ४,८७०, आणि सी-आर्मचे ३,०००. सी-आर्म थिएटरच्या भाड्यातच धरायला हवं होतं, वेगळं लावता येणार नाही, असं विमा कंपनीचं म्हणणं. हॉस्पिटलचं म्हणणं, आम्ही लावणारच. दोघांच्या वादात पैसे माझ्या डिपॉझिटमधून गेले. हे मला अन्यायाचं वाटलं आणि अजून वाटतं. एखादं मशीन थिएटरचा भाग आहे की नाही, हे हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांनी करार करतानाच ठरवून घ्यायला हवं. पेशंटनं त्यात पडायचं कारणच काय? उरलेले १०,९८० परत मिळाले. डिस्चार्जचा कागद सकाळी तयार झाला होता आणि मंजुरी दुपारी उशिरा आली. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलनं जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीनं सोसायचे, असं नियामकाचं २०२४चं परिपत्रक आहे. टीपीएच्या मुलीला मी ते दाखवलं. तिनं फोन लावला, आणि त्या दिवसाचं खोलीभाडं आम्हाला लागलं नाही.

घरी आल्यावर स्टेंटचे दिवस सुरू झाले, आणि त्याबद्दल मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी, एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. लघवीला बसलं की शेवटी उजव्या कुशीत कळ चढायची. सारखं जावंसं वाटायचं. जिना जरा जास्त चढले किंवा रिक्षा खड्ड्यात आदळली की लघवी लालसर व्हायची. हे नेहमीचं असतं, पाणी पीत राहा, ताप आला तर लगेच या, एवढं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. वागळे इस्टेटला जाणं मला तेव्हा जमलं नाही, सुट्टी वाढवावी लागली. माझी पगारी सुट्टी होती म्हणून निभावलं. ज्यांचा पगार रोजावर आहे त्यांच्यासाठी हे दिवससुद्धा खर्चच आहेत, आणि ते कुठल्याच एस्टिमेटमध्ये लिहिलेले नसतात.

स्टेंट काढायचा दर मी पहिल्या एस्टिमेटच्या वेळीच लिहून घेतला होता: ८,५००. मोठ्या हॉस्पिटलनं याच कामाला डे-केअर ॲडमिशन धरून १८ हजार सांगितले होते. आमच्याकडे ॲडमिट केलं नाही. सुन्न करणारी जेली लावली, बारीक दुर्बीण घातली, आणि चिमट्यानं नळी बाहेर. लघवीचा मार्ग बायकांना आखूड असतो, त्यामुळे आम्हाला हे तुलनेनं सोपं जातं. पुरुषांना जास्त त्रास होतो असं नर्स म्हणाली. आत असताना जी नळी मला दोरखंडाएवढी वाटत होती ती बाहेर आल्यावर पेनातल्या रिफिलपेक्षाही बारीक दिसली. कुशीतली कळ त्याच रात्री थांबली.

स्टेंट ठेवून तो काढायलाच न येणारे पेशंट असतात. पैसे नसतात, गावी जातात, किंवा दुखायचं थांबलं म्हणून विसरतात. तीन महिन्यांपलीकडे गेला की त्या नळीवरच खडे जमायला लागतात, ती सुटता सुटत नाही, आणि मग आधीच्यापेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं. किडनीसुद्धा गमावण्याची वेळ येते. म्हणून हे काढायचे पैसे पहिल्याच बिलात घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. ज्याचे पैसे आधीच भरलेत ते काम माणूस टाळत नाही.

आधीचा आणि नंतरचा खर्च आमची पॉलिसी देते: ॲडमिट होण्याआधीचे ३० दिवस, डिस्चार्जनंतरचे ६०. आधीचे ११,७५०, यात सीटी ४,८००, ऑपरेशनपूर्वीच्या रक्त-छाती-हृदयाच्या तपासण्या ३,६५०, लघवीचं कल्चर ९००, सोनोग्राफी १,४०० आणि डॉक्टरांची फी १,०००. नंतरचे १३,६४०, स्टेंट काढणं, एक्स-रे, औषधं, तपासणीची फी आणि खड्याचं पृथक्करण. मूळ पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट यांचा संच एकदमच पाठवला. सोनोग्राफीची आणि पहिल्या फीची तारीख ३० दिवसांच्या अलीकडे बसत नव्हती, ते २,४०० गेले. २२,९९० खात्यात आले. म्हणजे १ लाख ३६ हजार ४८० पैकी माझ्या खिशातून शेवटी ११,४२० रुपये गेले. विमा नसता तर सगळे गेले असते, आणि आमच्यासारख्या घरात ती वर्षभराची बचत आहे.

विमा नसलेल्यांसाठी एक महत्त्वाचं. आमच्या ऑफिसातल्या शिपाईकाकांच्या पत्नीचा किडनीतला मोठा खडा नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून निघाला. रेशनकार्ड आणि आधार घेऊन गेले, तिथल्या आरोग्यमित्रानं कागद अपलोड केले, मंजुरीला थोडे दिवस थांबावं लागलं, पण पैसे लागले नाहीत. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि तिथे युरॉलॉजी त्यात धरलीय का, हे दोन्ही विचारायचं. एखादं हॉस्पिटल योजनेत असतं पण सगळ्या विभागांसाठी नसतं. १५५३८८ या नंबरवर माहिती मिळते.

गेल्या महिन्यात नेरुळहून ताईचा फोन आला. भावोजींना प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय, ७० हजारांत होईल म्हणतात. मी ट्रान्सहार्बर लोकलनं नेरुळला गेले आणि त्यांच्यासोबत हॉस्पिटलात बसले. काउंटरवर विचारलं: खोलीचा वर्ग बदलला तर कोणकोणते चार्जेस बदलतात, थिएटरचं साहित्य ७० हजारांत धरलंय का, लघवीची नळी काढायला यायचं तेव्हा वेगळे पैसे लागणार का, आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवतात त्याचं बिल कोण करतं. बिलिंगच्या मुलीनं आतून विचारून आणलं आणि त्याच कागदावर खाली पेनानं लिहून दिलं. साहित्य धरलेलं नव्हतं, १२ ते १५ हजार. तुकड्याची तपासणी बाहेरच्या लॅबची, अडीच हजार. नळी काढायला काही नाही. भावोजींनी तिला त्याखाली सही आणि शिक्का मारून मागितला, तोही तिनं दिला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.